लेंड्या न टाकणारा उंदीर

कानिफनाथदादांची पांढरी गाडी तिसऱ्यांदा सम्राटच्या गॅरेजसमोर येऊन थांबली, तेव्हा गाडीच्या आधी तिचा वास आत आला. ड्रायव्हर आदिनाथनं चारही काचा खाली केल्या होत्या आणि तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. एप्रिलच्या उन्हात नगरकडची माणसं तोंड झाकतातच, पण गाडीच्या बाहेर. आदिनाथनं आत बसून झाकलं होतं.

“एसी परत बंद?” सम्राटनं विचारलं.

“बंद कुठलं, सम्राटभाऊ. बंद पडला असता तर बरं हुतं. ह्यो आता आपल्या मनानं चालतो. बटन दाबलं की ढिम्म. सोडून दिलं की फुल्ल सुटतो. काल दादा फोनवर कुनाचं तरी सांत्वन करत हुते, तर त्यांच्या तोंडावर असा झोत आला की पलीकडच्याला वाटलं, दादांचा कंठ दाटला.”

“बरंच झालं की मग.”

“तसं झालं बरं. पन वासानं दादांना खरंच उलटी आली.”

कानिफनाथदादा हे सोनईकडचं प्रस्थ. माजी उपसभापती, आणि भावी बरंच काही. नेमकं काय ते फलकावर कधीच लिहिलेलं नसे. रोज सकाळी एखादा दहावा, दुपारी एखादं लग्न, संध्याकाळी एखादं उद्घाटन, असा त्यांचा दिवस गाडीत जाई. म्हणून गाडीचा एसी ही त्यांच्या दृष्टीनं सार्वजनिक हिताची बाब होती.

“एक सांगू का,” आदिनाथ चाचरत म्हणाला, “परवा घोडेगावच्या लग्नात दादा चारचौघांत म्हनले, केडगावच्या सम्राटचा बोर्ड मोठा हाय, काम कच्चं हाय. मी आपलं सांगितलं. राग मानू नका.”

सम्राटनं राग मानला नाही. पुणे रस्त्याला त्याचं गॅरेज होतं, वर बोर्ड होता, आणि बोर्ड खरंच मोठा होता. पण गिऱ्हाईक बोर्ड वाचून येत नव्हतं. शिंगणापूरला भाविक नेणारे टुरिस्ट गाडीवाले एकमेकांना सांगत, ‘एसीचं वायरिंग असलं तर सम्राट,’ आणि त्यावर घर चाललं होतं. कालच त्यातले दोघं त्याला हात करून समोरच्या राम एसीवाल्याकडे वळलेले त्यानं पाहिले होते. घोडेगावच्या लग्नातलं वाक्य आदिनाथच्या आधी केडगावला पोचलं होतं तर.

त्यानं हातमोजे चढवले आणि गाडीत डोकं घातलं. लगेच बाहेर काढलं, श्वास घेतला, आणि परत घातलं.

आतला थाट असा: मागच्या सीटखाली कुजलेल्या हारांचा ढीग, कारण दादांना मिळालेला हार टाकून देणं अपशकुनी समजत. दाराच्या कप्प्यांत कार्यकर्त्यांनी थुंकायला ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, अर्ध्या भरलेल्या, चहाच्या रंगाच्या. गियरच्या खळग्यात शेवपापडीचा चुरा आणि त्यावर मुंग्यांची रांग. या सगळ्यावर मोगऱ्याच्या वासाची एक बाटली लटकत होती, आणि ती मढ्याला पावडर लावावी तसं काम करत होती. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक वास होता. डोळ्यांत पाणी आणणारा, खारट, तिखट. बंद पडलेल्या एसटी स्टँडच्या मुतारीचा.

पॅनल बाहेर काढायला सम्राटला वेळ लागला नाही. तिसऱ्यांदा काढत होता. एसीचं बटण, पंख्याचं बटण ज्यावर बसतात ते पॅनल गाडीच्या मधोमध, हवेच्या जाळीच्या बरोबर खाली असतं. पहिल्यांदा ही गाडी आली तेव्हा काही विशेष नव्हतं. कंप्रेसरचा रिले गेला होता, तो बदलला, पुढच्या सीटवर बसून बायपासपर्यंत चक्कर मारली, थंडगार हवा, काम संपलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा पॅनलच्या मागच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर होता. त्यानं थर साफ केला, पिना घासल्या, चक्कर मारली, थंडगार. आता तर थर नव्हे, चिखल होता. तांब्याच्या पिना हिरव्यागार होऊन एकमेकींत वितळल्या होत्या. शेजारशेजारच्या पिनांमधून करंट आपल्या सोयीनं जात होता, म्हणून पंखा आपल्या मनानं सुटत होता. फ्यूज उडाला होता तो वेगळाच.

“उंदीर मुततोय,” सम्राट म्हणाला.

“उंदीर?”

“दुसरं काय. वर कुठं तरी घर केलंय आणि खाली सोडतोय. मुतात मीठ असतं, मीठ तांबं खातं.”

त्यानं डॅशबोर्ड अर्धा उघडला. टॉर्च मारला. ब्लोअर काढला, फिल्टर काढला, हवेच्या नळ्या काढल्या. उंदीर म्हटला की कापूस, चिंध्या, कुरतडलेली वायर, आणि मुख्य म्हणजे लेंड्या. एका उंदराच्या मागं मूठभर लेंड्या निघतात. इथं एकही नव्हती. वायरला दाताचा ओरखडा नव्हता. एवढं मुतायचं, तेही बरोबर जाळीतून, आणि लेंडी एक टाकायची नाही, असा शिस्तीचा उंदीर सम्राटनं आयुष्यात पाहिला नव्हता.

“आमच्याकडं असली की काय न्हाई हुत,” आदिनाथ म्हणाला. “तुमच्याकडनं नेली की दोन दिसांत सुरू हुतं. दादा म्हनतात, तुमच्या हाताचाच काय तरी दोष हाय.”

अपमान बाजूला ठेवला तर यात माहिती होती, आणि त्याला माहिती हवी होती.

त्या संध्याकाळी त्यानं तीनदा हात धुतले. भारतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताट वाढता वाढता नाक मुरडलं आणि चौथ्यांदा पाठवलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण या बाबतीत पुराव्याची वाट पाहायची नाही.

“कुणाच्या गाडीत एवढी घाण?”

“दादांच्या.”

“तरी लोक त्यांना हार घालतात.”

“लांबून घालतात.”

सकाळी नवं पॅनल बसवून सम्राटनं दादांना फोन लावला. म्हणाला, गाडी इथं चांगली चालते, तिकडं बिघडते. मी गाडीबरोबर तिकडंच येतो, बिघडताना बघतो.

“अहो सम्राटराव, कशाला त्रास? आदिनाथ येईल की घेऊन.”

“त्रास नाही दादा. माझ्या नावाचा प्रश्न आहे.”

“बरं बरं, या,” दादा म्हणाले, जसं मतदार ‘बघू’ म्हणतो तसं. पहिल्यांदा गॅरेजमध्ये आले तेव्हा याच दादांनी टूलच्या रॅकवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना वाकून नमस्कार केला होता, आणि कार्यकर्त्याला तो नीट टिपता आला नाही म्हणून दुसऱ्यांदा केला होता.

सम्राट इस्त्रीचा शर्ट घालून, मल्टिमीटर मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला. नगर ओलांडलं, घोडेगाव गेलं, एसी चालत राहिला. मीटरवर आकडा हलला नाही. हवा इतकी थंड की आदिनाथनं उपरणं आता गळ्याभोवती घेतलं.

“आतलीच हवा फिरवतोयस ना?” सम्राटनं विचारलं.

“व्हय की. तुमीच सांगितलं हुतं पहिल्यांदा. काचा बंद ठेव, आतलीच हवा परत आत वढू दे, एसीला ताण येत न्हाई. मी घरी सगळ्यांना समजावून सांगितलं ते.”

“कुणाला?”

“सगळ्यांनाच,” आदिनाथ म्हणाला, आणि कारण नसताना हॉर्न वाजवला.

सोनईचा बंगला आला. पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं दादांची वाट पाहत बसली होती. दादांनी खांद्यावर हात ठेवून सम्राटला ओटीवर बसवलं. चहा आला तो कागदी कपातून. सगळ्यांनाच कागदी कपातून आला, त्यामुळे कोणाला कोणता कप हा प्रश्न त्या घरानं कायमचा निकालात काढला होता. सम्राटला ते बरं वाटलं. उंदीर सोडला तर घर सुधारलेलं दिसत होतं.

हात धुवायला तो मागच्या नळावर गेला. परत येताना बघतो तर गाडी पोर्चच्या मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली नेऊन लावलेली. डावीकडचं पुढचं दार उघडं. आत स्टिअरिंगमागे आदिनाथ. आणि दारात एक म्हातारी, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदण, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पळी. या रतनबाई, दादांच्या आई. सम्राटनं त्यांना फोटोतच पाहिलं होतं. त्यांनी सम्राटला फोटोतही पाहिलं नव्हतं.

“ये बाबा, जरा दार धर,” त्या म्हणाल्या. “आपसूक मिटतंय मेलं.”

इस्त्रीचा शर्ट, चष्मा. बँकेतला नाही तर कारखान्यातला कोणी दादांकडे आलेला असेल, असं त्यांनी धरलं. सम्राटनं दार धरलं. आदिनाथनं त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि स्पीडोमीटर वाचायला लागला.

रतनबाईंनी सम्राट बसला होता त्या सीटवर तुळशीच्या डहाळीनं शिंतोडे मारले. मग पट्ट्यावर. मग दाराच्या कडीवर. सम्राटच्या नाकाला तळाचा वास लागला. मोगरा नाही, शेवपापडी नाही, तोच.

“काय आहे हे, आजी?”

“गोमूत्र. सकाळचं ताजं हाय.”

“ते कशाला?”

“नगरचा त्यो मिस्त्री बसून आलाय म्हनं हितं. एसीवाला.” मग आवाज खाली घेऊन, जवळच्या माणसाला सांगावं तसं त्या म्हणाल्या, “आपल्यातला न्हाई त्यो.”

कडुनिंबावर एक कावळा होता. तो उडाला नाही, काही नाही. सम्राटनं दार धरून ठेवलं.

“मग सीटवर शिंपडलं की झालं ना?”

“तेवढ्यानं भागलं असतं तर काय. पहिल्या गाडीला भागायचं.” रतनबाईंनी पळी तांब्यात बुडवली. “ह्या गाडीची हवा फिरती. ह्या जाळीतनं निघती, त्याच्या अंगावरनं जाती, आन् परत आत वढली जाती. आदिनाथनंच मला सांगितलं. मग इटाळ आत गेला का न्हाई? आतूनच धुवाया पायजेल.”

आणि त्यांनी मधल्या जाळीत पळी ओतली. अलगद, कणभर बाहेर न सांडता, देवाच्या डोक्यावर अभिषेक करावा तशी. एक, मग दुसरी.

सम्राटला कबूल करावं लागलं की बाईंचा विचार तर्काला धरून होता. हवेचा मार्ग त्यांनी बरोबर ओळखला होता. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन तो जे तिसऱ्या खेपेलाही ओळखू शकला नव्हता, ते त्यांचं रोजचं काम होतं. फक्त हे ज्ञान ज्या विटाळावर वापरलं जात होतं, तो विटाळ म्हणजे तो स्वतः होता.

“दर वेळी ओतता?”

“त्यो बसला की. दोनदा झालं मागं.”

“आणि दादा रोज दहाव्याला जातात, मयताला जातात, तिथून आल्यावर?”

“त्याला साधं पानी चालतं,” रतनबाई म्हणाल्या. “आदिनाथ, चालू कर रं. आत जाऊ दे नीट.”

आदिनाथनं बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग पॅनलच्या आतून बारीक चर्रर्र असा आवाज आला, एसीचा दिवा दोनदा मिचकला, आणि पंखा कोणी न सांगता फुल्ल सुटला. जाळीत साचलेलं सगळं फवाऱ्यासारखं बाहेर आलं. आदिनाथच्या तोंडावर, रतनबाईंच्या पदरावर, आणि दार धरून उभ्या सम्राटच्या चष्म्यावर. बाईंच्या हिशेबानं आता तोही शुद्ध झाला होता.

फॉल्ट होताना दिसणं हे एसीवाल्याच्या नशिबी फार क्वचित येतं. फ्यूज उडाल्याचा टक्‌ असा आवाज त्यानं कानानं ऐकला. चष्मा काढून रुमालानं पुसला. रुमाल कचऱ्यात टाकावा म्हणून आजूबाजूला पाहिलं, तर पोर्चमधून दादा आणि त्यांच्या मागून वीसच्या वीस माणसं आवाज ऐकून येत होती.

“काय सम्राटराव, सापडला का फॉल्ट?” दादांनी लांबूनच विचारलं. मग आईच्या हातातला तांब्या दिसला आणि त्यांची चाल मंदावली.

“सापडला.”

दादांना त्याचा चेहरा वाचायला वेळ लागला नाही. माणसं वाचणं हाच त्यांचा धंदा होता. ते सम्राटच्या अगदी जवळ आले. “आईचं वय झालंय,” ते हळू म्हणाले. “जुनं माणूस. मन राखावं लागतं. तुम्ही शिकलेले, समजून घ्याल.” आणि उत्तराची वाट न पाहता लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “उंदीर निघाला. चार महिने छळत होता लेकाचा.”

लोक हसले. कुणी तरी म्हणालं, “दादांच्या गाडीत राहायचं म्हणजे उंदीरही पक्षाचाच.” परत हसले.

सम्राटपुढे दोन रस्ते होते. उंदीर मान्य केला तर दादा पुढच्या लग्नात त्याची स्तुती करतील, शिंगणापूरच्या गाड्या परत येतील. मान हलवायची, बस. त्याला आपल्या शर्टाच्या कॉलरला वास येत होता.

“उंदीर नाही,” तो म्हणाला. “उंदराच्या लेंड्या असतात. ह्या जाळीत गोमूत्र ओतलं जातं. मी गाडीत बसलो की ओततात, मी एसीवाला. म्हणून माझ्याकडून गेली की बिघडते. दादा, माझं काम कच्चं आहे असं तुम्ही लोकांत म्हणालात. म्हणून हेही लोकांत सांगतोय.”

वीस माणसांनी जवळजवळ एकाच वेळी खिशातून मोबाईल काढले आणि त्यात बघायला लागली. त्यात दोघं-तिघं सम्राटच्याच समाजाचे होते. ते दादांच्या ताफ्यात नेहमी मागच्या जीपमधून येत. गर्दीमुळं असेल, असं सम्राटला आजवर वाटत आलं होतं. त्यांनाही वाटत असावं.

रतनबाईंना मात्र आत्ता उलगडा झाला. त्यांनी सम्राटकडे पाहिलं, मग त्याचा हात होता त्या दाराकडे पाहिलं, आणि मग तांब्यात वाकून पाहिलं, किती उरलंय ते.

सम्राट एसटीनं घरी आला.

पुढच्या काही दिवसांत जे झालं ते त्याला अपेक्षित नव्हतं असं नाही. केडगावात गोष्ट पोचली, पण वेगळी. सम्राटला साधा उंदीर सापडला नाही, तेव्हा आपलं कच्चं काम झाकायला त्यानं जात काढली. म्हाताऱ्या बाईलाही सोडलं नाही. टुरिस्ट गाडीवाले आता हातही करेनासे झाले. दादांची पांढरी गाडी समोर राम एसीवाल्याकडे लागली. रामनं पॅनल बदललं, वर गॅस भरला, कारण काहीही झालं तरी तो गॅस भरतोच. आणि गाडी चालायला लागली. रामच्या नंतर कुणी काही ओतलं नाही, मग न चालायला काय झालं. “सम्राटला तीन खेपेत जमलं नाही ते रामनं एका खेपेत केलं,” असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं, सम्राट चहा पीत असताना.

जयंतीला दादा केडगावच्या वस्तीत पाहुणे म्हणून आले. वर्गणीही देणार होते, म्हणून समितीनं बोलावलं होतं. सम्राट गर्दीत मागं उभा होता. दादांनी समतेवर भाषण केलं, चांगलं केलं. जाताना मोबाईल वर धरलेले दिसले तसा त्यांना उमाळा आला आणि त्यांनी समितीच्या अध्यक्षाला दंडाला धरून आपल्या गाडीत पुढं बसवलं, मागं आणखी तिघांना. मिरवणुकीच्या टोकापर्यंत गाडी त्यांना घेऊन गेली, काचा बंद, आतलीच हवा फिरत. टाळ्या झाल्या. सम्राटनंही वाजवल्या. तो मनात तांब्याचा आकार आठवत होता; चार माणसं म्हणजे एका तांब्यात भागणार नव्हतं.

दोन दिवसांनी भर दुपारी पांढरी गाडी रामच्या दारात परत आली, सगळ्या काचा खाली करून. सम्राटनं आपल्या स्टुलावरून पाहिलं. रामनं आत डोकं घातलं, बाहेर काढलं. परत घातलं. डॅशबोर्ड निघाला, ब्लोअर निघाला, नळ्या निघाल्या. आदिनाथ रस्त्याकडं पाठ करून उभा होता. शिंगणापूरचे दोन गाडीवाले आपापल्या गाड्यांना टेकून मजा बघत होते.

बऱ्याच वेळानं राम रस्ता ओलांडून आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट, हिरवट झाले होते आणि ते त्यानं अंगापासून लांब धरले होते, जणू दुसऱ्याचे असावेत. गाडीवालेही मागोमाग आले. रामनं एक बोट नाकाजवळ नेलं, तोंड वाकडं केलं.

“सम्राट,” तो म्हणाला, “वास तर उंदराचाय. पण सगळी गाडी उलटी केली, एक लेंडी नाही राव.”

गाडीवाल्यांनी सम्राटकडे पाहिलं.

सम्राट स्टुलावरून उठला. मागच्या बाजूच्या नळाकडे त्यानं बोट दाखवलं.

“साबण तिथं आहे,” तो म्हणाला. “आधी हात धू. मग सांगतो.”